गॅस टेस्टिंग आणि स्फोटापासून बचाव: कामगारांना ट्रेनिंग कसं द्यायचं, पहिल्यांदाच देणाऱ्यांसाठी

प्लांटमधल्या लोकांना ट्रेन करायची जबाबदारी ज्यांच्याकडे नुकतीच आलीये, म्हणजे नवीन सेफ्टी ऑफिसर, मेंटेनन्सचे सुपरवायझर, कॉन्ट्रॅक्टरकडचे फोरमन, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बऱ्याच ठिकाणी हे ट्रेनिंग म्हणजे दोन तास स्लाइड्स, मग रजिस्टरवर सही, मग सर्टिफिकेट, आणि माणूस बाहेर पडतो तेव्हा झोन १ ची व्याख्या त्याला पाठ असते पण मीटरवर ऑक्सिजन २०.४ दिसला तर त्यातून काय समजायचं हे कोणी सांगितलेलंच नसतं. गॅस टेस्ट करणाऱ्याला मीटरवरच्या आकड्यावर शंका घेता आली पाहिजे आणि शंका आली की काम थांबवता आलं पाहिजे, बाकी सगळं ट्रेनिंग या दोन गोष्टींसाठीच असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टेप १: आधी माणसं वेगळी करा

सगळ्यांना एकाच हॉलमध्ये बसवून एकच भाषण देऊ नका. त्या भागात नुसती ये-जा करणारा हेल्पर, इलेक्ट्रिशियन, गॅस टेस्टर, पर्मिटवर (काम सुरू करायच्या लेखी परवानगीवर) सही करणारा आणि टाकीच्या तोंडाशी उभा राहणारा स्टँडबाय, या पाच जणांना वेगवेगळं यायला हवं. बेसिक भाग सगळ्यांना द्या, त्यानंतर मात्र तुकड्या करा. गॅस टेस्टरची तुकडी लहान ठेवा, कारण प्रत्येकाच्या हातात मीटर गेला पाहिजे, दहा माणसांत एक मीटर फिरवला तर आठ जण नुसते बघत बसतात.

स्टेप २: बेसिक, पण आकड्यांसकट

जळणारी वस्तू, ऑक्सिजन आणि ठिणगी हा त्रिकोण सगळ्यांनी ऐकलेला असतो, त्यावर फार वेळ घालवू नका, पुढचं नीट शिकवा. गॅस हवेत फार कमी असला तर पेटत नाही आणि फार जास्त असला तरी पेटत नाही, मधल्या पट्ट्यात पेटतो. खालच्या टोकाला एलईएल म्हणतात आणि वरच्याला यूईएल. मिथेनचा पट्टा साधारण ५ ते १५ टक्के, प्रोपेनचा २.१ ते ९.५, आणि हायड्रोजनचा ४ ते ७५ टक्के. हे तीन पट्टे फळ्यावर एकाखाली एक काढा, हायड्रोजनचा पट्टा किती लांब आहे ते बघूनच लोक गंभीर होतात. आणि यूईएलच्या वर आहे म्हणून सेफ आहे असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबवा, कारण टाकी उघडली की हवा आत शिरते आणि मिश्रण खाली येताना त्याच पट्ट्यातून जातं.

मग मीटरवरचा टक्का म्हणजे काय ते. मीटर १० दाखवतो म्हणजे हवेत १० टक्के गॅस आहे असं नसतं, तो एलईएलचा १० टक्के असतो. म्हणजे मिथेन असेल तर हवेत अर्धा टक्का, ५००० पीपीएम (दहा लाख भागांत ५००० भाग). हा गोंधळ नवीन माणसाचा हमखास होतो, त्यामुळे दोन-चार उदाहरणं त्यांच्याकडूनच सोडवून घ्या. अजून एक भानगड आहे, मिथेनचं एलईएल काही मीटरमध्ये ५ टक्के धरलेलं असतं आणि काहींमध्ये ४.४, त्यामुळे तेच २.५ टक्के मिथेनचं कॅलिब्रेशन सिलिंडर (मीटर तपासायला ठरलेल्या प्रमाणाचा गॅस भरलेलं) एका मीटरवर ५० दाखवेल आणि दुसऱ्यावर ५७ च्या आसपास. दोन कंपन्यांचे मीटर शेजारी ठेवल्यावर लोक गोंधळतात ते यामुळे.

गॅस हलका की जड हेही इथेच सांगा. मिथेन आणि हायड्रोजन वर जातात, प्रोपेन, पेट्रोलची वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड खाली बसतात, पेट्रोलची वाफ तर हवेच्या तीन-चार पट जड असते, ती खड्ड्यात, गटारात, केबल ट्रेंचमध्ये जाऊन बसते आणि लांबवर सरकत जाते. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच, तो सगळीकडे पसरतो.

ठिणगी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर वेल्डिंग आणि ग्राइंडिंग येतं. स्टॅटिकचं कोणाच्या लक्षात येत नाही. मिथेन-हवेचं मिश्रण पेटायला साधारण ०.२८ मिलिज्यूल पुरतात, हायड्रोजनला ०.०२ च्या आसपास, आणि दाराच्या हँडलला हात लावल्यावर जो चटका जेमतेम जाणवतो त्याच्यात मिथेन पेटण्याएवढी ऊर्जा असू शकते. जॅकेट त्या भागात काढायचं नाही, ड्रममधून सॉल्व्हंट ओतताना दोन्ही भांडी बाँड करून (तारेने एकमेकांना जोडून) अर्थ करायची, अँटिस्टॅटिक बूट घालायचे, हे नियम कशासाठी आहेत ते या एका आकड्यावरून कळतं. साधा टॉर्च आणि साधा मोबाइल आत न्यायचा नाही, आणि एक्स रेटिंगचा, म्हणजे स्फोटक जागेसाठी सर्टिफाइड, टॉर्च असला तरी बॅटरी आत बदलायची नाही.

स्टेप ३: झोन आणि उपकरणावरची पट्टी

झोनचं थोडक्यात सांगा. झोन ० म्हणजे स्फोटक मिश्रण कायम किंवा बराच वेळ असतं, जसं पेट्रोलच्या टाकीच्या आत. झोन १ म्हणजे नेहमीच्या कामात अधूनमधून होऊ शकतं. झोन २ म्हणजे नेहमीच्या कामात व्हायला नको, झालंच तर थोडा वेळ. धुळीसाठी २०, २१, २२. मग लोकांना तुमच्याच प्लांटचं झोन ड्रॉइंग हातात देऊन साइटवर फिरवा आणि विचारा, आत्ता तू कुठल्या झोनमध्ये उभा आहेस. हॉलमधल्या एक तासापेक्षा या फेरीत जास्त शिकून होतं.

उपकरणावरची पट्टी वाचायला शिकवा. समजा लिहिलंय एक्स डीबी आयआयसी टी४ जीबी. डीबी म्हणजे फ्लेमप्रूफ, आत स्फोट झाला तरी ज्वाला बाहेर पडू देणार नाही असा डबा. आयआयसी हा गॅस ग्रुप, यात हायड्रोजन आणि ॲसिटिलीन येतात, आयआयबी मध्ये इथिलीनसारखे, आयआयए मध्ये प्रोपेनसारखे. टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ डिग्री सेल्सिअसच्या वर जाणार नाही, टी३ ला ही मर्यादा २०० आहे, टी६ ला ८५. जीबी म्हणजे झोन १ ला चालेल. ग्रुप आणि टेंपरेचर क्लास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ठसवून सांगा. हायड्रोजन अगदी बारीक ठिणगीने पेटतो पण गरम पृष्ठभागावर पेटायला त्याला ५०० डिग्रीच्या वर लागतं, ईथरचं उलट, ते १६०-१७० डिग्रीच्या आसपासच पेट घेतं. म्हणून नुसतं 'एक्स आहे ना, मग चालेल' हे चालत नाही.

इलेक्ट्रिशियनच्या तुकडीला यापुढचं द्या, आणि ते प्रत्यक्ष जंक्शन बॉक्स टेबलावर ठेवून द्या. फ्लेमप्रूफ डब्याचा एक बोल्ट काढून ठेवा आणि विचारा हा लाइनवर लावता येईल का. नाही येणार, सगळे बोल्ट हवेत, तेही त्याच ग्रेडचे. झाकण आणि डब्याच्या मधली ती घासून गुळगुळीत केलेली जागा म्हणजे फ्लेम पाथ, तिच्यावर पेंट नको, ओरखडा नको, स्वतःच्या मनाने गॅस्केट किंवा सिलिकॉन लावायचं नाही. वापरात नसलेल्या केबल एंट्रीला सर्टिफाइड प्लगच हवा, प्लॅस्टिकचं टोपण नाही. पाऊस आत जातो म्हणून कोणीतरी चांगल्या हेतूने सिलिकॉन भरतो आणि सगळं प्रोटेक्शन तिथेच संपतं, दिसायला मात्र डबा आधीपेक्षा नीटनेटका दिसतो. इंट्रिन्सिकली सेफ (गॅस पेटवण्याइतकी ऊर्जाच नसलेल्या) सर्किटची केबल बहुतेक ठिकाणी निळी असते, ती दुसऱ्या केबलबरोबर एकाच टर्मिनलच्या गर्दीत घालायची नाही हेही याच तुकडीला.

स्टेप ४: मीटरची रोजची तयारी

हा भाग हातानेच शिकवायचा. मीटर मोकळ्या स्वच्छ हवेत चालू करा, वॉर्म-अप पूर्ण होऊ द्या. ऑक्सिजन २०.९ यायला हवा आणि बाकीचे शून्य. झीरो करायचं ते स्वच्छ हवेतच, हे दहादा सांगा, कारण टाकीच्या तोंडाशी उभं राहून कोणी झीरो केलं तर तिथे असलेला गॅस मीटर शून्य म्हणून धरतो आणि नंतर तेवढा गॅस लपवतो.

मग बंप टेस्ट. म्हणजे माहितीतला गॅस सेन्सरला थोडा वेळ देऊन बघायचं की आकडा वर जातो का आणि अलार्म वाजतो का. वापरायच्या आधी रोज, अपवाद न करता. कॅलिब्रेशन वेगळं, त्यात मीटरचा आकडा सिलिंडरच्या आकड्याशी जुळवतात, ते मॅन्युअलमध्ये जितक्या दिवसांनी सांगितलंय तितक्या दिवसांनी. कॅलिब्रेशनचं स्टिकर ताजं आहे म्हणून बंप टेस्ट टाळणारे भरपूर भेटतील. त्यांना हे सांगा की ज्वलनशील गॅसचा जो नेहमीचा कॅटॅलिटिक सेन्सर असतो तो सिलिकॉनच्या वाफेने मरतो, स्प्रे, पॉलिश, सीलंट यातून ती येते, आणि मेलेला सेन्सर मीटरवर छान शून्य दाखवत राहतो. चांगल्या हवेतही शून्य, गॅसमध्येही शून्य. बंप टेस्टशिवाय हे कळायचा मार्ग नाही. सिलिंडरची एक्स्पायरी बघायलाही शिकवा.

पंप असलेला, म्हणजे होजमधून (नळीतून) लांबची हवा ओढणारा मीटर असेल तर होजचं टोक अंगठ्याने दाबून बघायचं, पंप ब्लॉक झाल्याचा अलार्म आला पाहिजे. नाही आला तर कुठेतरी लीक आहे आणि मीटर टाकीतली हवा सोडून बाहेरचीच हवा ओढतोय.

इथे एक सोपा प्रयोग करून घ्या. स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत माणसाला श्वास सोडायला सांगा आणि होज त्या पिशवीत घाला. आपण सोडलेल्या श्वासात ऑक्सिजन १६-१७ टक्केच असतो, त्यामुळे आकडा धडाधड खाली येतो आणि १९.५ ला अलार्म वाजतो. स्वतःच्या श्वासाने अलार्म वाजलेला माणूस तो आवाज विसरत नाही.

स्टेप ५: टाकीत मोजायचं कसं

आधी बाहेरून मोजायचं, आत डोकं घालून नाही. शक्य असेल तर झाकण पूर्ण उघडायच्या आधी फटीतून. क्रम ठरलेला आहे: ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी. चार गॅसचा मीटर सगळं एकदमच दाखवतो पण वाचायचं याच क्रमाने, कारण ऑक्सिजन कमी असेल तर कॅटॅलिटिक सेन्सरचा आकडा खोटा असतो. त्या सेन्सरमध्ये गॅस खरोखर जळतो आणि जळायला ऑक्सिजन लागतो, साधारण १० टक्क्यांच्या खाली त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. नायट्रोजन मारलेली (हवा घालवायला नायट्रोजन सोडलेली) टाकी गॅसने भरलेली असली तरी असा मीटर शून्य दाखवू शकतो. अशा ठिकाणी इन्फ्रारेड सेन्सरचा मीटर वापरतात, फक्त इन्फ्रारेडला हायड्रोजन दिसत नाही हे लक्षात ठेवायचं.

वर, मध्ये, खाली, तिन्ही ठिकाणी मोजायचं, कोपरे आणि पाइपची तोंडं सोडायची नाहीत. होज खाली सोडताना टोक पाण्यात किंवा गाळात बुडू द्यायचं नाही.

आणि थांबायचं. होजमधून हवा वर यायला वेळ लागतो, बऱ्याच मीटरना होजच्या दर एक मीटर लांबीला साधारण ३ सेकंद, नेमकं तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा, त्यावर सेन्सर स्थिरावायचा वेळ वेगळा. १० मीटरचा होज असेल तर प्रत्येक पातळीला दीड-दोन मिनिटं धरून चला. ट्रेनिंगमध्ये हे असं करा की होज पूर्ण उलगडून टोकाला कॅलिब्रेशन गॅस लावा आणि आकडा हलेपर्यंत सगळ्यांना मोठ्याने सेकंद मोजायला लावा, वीस, पंचवीस, तीस, मीटर अजून शून्यावरच. खोली शांत होते. नंतर साइटवर होज टाकून लगेच 'ओके' म्हणणारा यातला कोणी नसतो.

ब्लोअर चालू असताना मोजलेला आकडा आणि बंद करून थोड्या वेळाने मोजलेला आकडा, दोन्ही बघा, गॅस परत येतोय का ते दुसऱ्यावरून कळतं. ब्लोअरचं तोंड जनरेटरच्या सायलेन्सरजवळ नाही ना तेही बघा, नाहीतर आपणच कार्बन मोनॉक्साइड आत ढकलत असतो. आणि तळात गाळ असेल तर तो ढवळला की अडकलेला गॅस सुटतो, म्हणून सकाळचा आकडा कामाच्या दरम्यान चालत नाही, आत माणूस असेपर्यंत मोजत राहायचं, त्याच्या अंगावर पर्सनल मीटरही हवा. जेवणाच्या सुट्टीनंतर किंवा कुठलाही खंड पडल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

स्टेप ६: आकडा वाचणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी कार्ड वापरतो, प्रत्येक कार्डावर चार आकडे आणि थोडी माहिती, माणसाने सांगायचं की आत पाठवशील का आणि का.

पहिलं कार्ड: ऑक्सिजन २०.४, बाकी सगळं शून्य. जवळजवळ सगळे म्हणतात पाठवू, १९.५ च्या वर आहे ना. आता हिशेब फळ्यावर करा. हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश असतो, म्हणजे ऑक्सिजन अर्धा टक्का कमी व्हायला जवळजवळ अडीच टक्के दुसरं काहीतरी आत शिरलेलं असावं लागतं. अडीच टक्के म्हणजे २४-२५ हजार पीपीएम. ते काय आहे? मीटरला ओळखू येत नाही म्हणून तो शून्य दाखवतोय. नायट्रोजन असेल, कार्बन डायऑक्साइड असेल, किंवा असा एखादा विषारी गॅस ज्याचा सेन्सर या मीटरमध्ये नाहीच. किंवा गंजाने ऑक्सिजन खाल्ला असेल, बंद लोखंडी टाकीत ते होतंच. कारण कळेपर्यंत कोणी आत जायचं नाही. १९.५ ही अलार्मची रेषा आहे, तिच्या वर सगळं ठीक असा तिचा अर्थ नाही, आणि ट्रेनिंगमधून फक्त एकच गोष्ट लोकांच्या लक्षात राहणार असेल तर मी हीच निवडेन.

दुसरं: ऑक्सिजन ६, एलईएल शून्य. वर सांगितलं तेच, हा शून्य म्हणजे माहिती नाही.

तिसरं: ऑक्सिजन २३.८. कमी असलेल्याला सगळे घाबरतात, जास्त असलेल्याला कोणी नाही. बहुतेक वेळा कटिंग टॉर्चचा होज टाकीत राहिलेला असतो आणि व्हॉल्व्ह गळत असतो. २३.५ च्या वर कपडे, केस, तेलकट हातमोजे भराभर पेटतात. सुट्टी झाली की टॉर्च आणि होज बाहेर, नुसता व्हॉल्व्ह बंद करून चालत नाही.

चौथं: एलईएल उणे ३. मीटर खराब आहे म्हणून लोक सोडून देतात, पण आधी विचारा झीरो कुठे केला होता. गॅस असलेल्या जागी केला असेल तर स्वच्छ हवेत तो उणेमध्ये जातो. आत्तापर्यंत त्या मीटरने घेतलेली सगळी रीडिंग बाद.

पाचवं: टोल्यूनची टाकी धुतलीये, एलईएल ८, साइटची मर्यादा १०. पाठवायचं का? टोल्यूनचं एलईएल १.१ टक्के, त्याचे ८ टक्के म्हणजे जवळपास ९०० पीपीएम, आणि अमेरिकेच्या नायॉश संस्थेने टोल्यूनसाठी जिवाला तात्काळ धोक्याची पातळी ५०० पीपीएम ठेवलीये. स्फोट होणार नाही पण माणूस पडेल. त्यात मीटर मिथेनवर कॅलिब्रेट केलेला असेल तर टोल्यूनसारखी जड वाफ तो निम्मी किंवा त्याहूनही कमी दाखवू शकतो, म्हणजे खरा आकडा ८ नाहीच. कुठला गॅस असणार हे माहीत नसताना मीटर वाचता येत नाही, म्हणून आधी टाकीत काय होतं ते विचारायचं, मग मीटर हातात घ्यायचा.

आणि नाकावर भरवसा नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणात लगेच येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं.

स्टेप ७: पर्मिट, स्टँडबाय आणि धावत आत जाणारा मित्र

पर्मिटवर आकडा, वेळ, मीटरचा नंबर, कुठे मोजलं आणि कोणी मोजलं, हे सगळं हवं. नुसतं 'ओके' लिहिलेलं पर्मिट स्वीकारू नका. शिफ्ट बदलताना काय अर्धवट आहे ते समोरासमोर सांगायचं. ६ जुलै १९८८ ला नॉर्थ सीमधल्या पायपर अल्फा या तेल-गॅस काढायच्या प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता, ही गोष्ट पुढच्या शिफ्टपर्यंत पोहोचली नाही, त्यांनी तो पंप चालू केला, आणि त्या रात्री १६७ माणसं गेली. पर्मिट हा कागद भरायचा म्हणून नसतो हे सांगायला मी हेच उदाहरण देतो.

स्टँडबायला एकच गोष्ट घोटून घोटून शिकवा, आत जायचं नाही. आतला माणूस पडला की बाहेरचा धावत आत जातो आणि दोघंही जातात, मग तिसरा. बंदिस्त जागेतल्या अपघातांत वाचवायला गेलेले फार मरतात. त्यामुळे ड्रिल करा: डमी आत टाका, स्टँडबायने अलार्म द्यायचा, ट्रायपॉड आणि विंचने बाहेरून ओढायचं, आत पाय ठेवायचा नाही. ड्रिलमध्येही लोक सवयीने वाकून आत डोकावतात, तिथेच थांबवून पुन्हा करून घ्या, कारण खऱ्या वेळेला आत त्याचा रोजचा सोबती असतो आणि विचार करायला सेकंदही मिळत नाही.

धुळीचं थोडंसं

पीठ, साखर, लाकूड, कोळसा, ॲल्युमिनियमची पावडर असे प्लांट असतील तर गॅस मीटर धूळ दाखवत नाही हे आधी सांगा. तिथे मीटर म्हणजे डोळे: बीमवर, केबल ट्रेवर, पाइपच्या पाठीवर थर साचला असेल आणि खालचा रंग दिसत नसेल तर काम थांबवून साफ करायचं, योग्य रेटिंगच्या व्हॅक्यूमने, कॉम्प्रेस्ड एअरने उडवून नाही. पहिला स्फोट छोटाच असतो, त्याच्या धक्क्याने वरचा थर खाली येतो आणि दुसरा स्फोट इमारत नेतो. २००८ साली अमेरिकेत जॉर्जियामध्ये साखरेच्या रिफायनरीत असंच झालं, १४ जण गेले.

स्टेप ८: पास कोणाला करायचं

लेखी पेपर घ्या, पण त्यावर पास करू नका. मीटर हातात द्या, होज द्या, बंप टेस्टपासून पर्मिट भरेपर्यंत सगळं करून घ्या, आणि मध्येच कोणालातरी सीनियर बनवून बोलायला लावा: 'अरे चल ना, लवकर सही कर, काम अडलंय.' एक्स्पायर झालेलं सिलिंडर किंवा लीक असलेला होज मुद्दाम ठेवा. जो दबावाखाली सही करतो त्याला परत ट्रेनिंगला बसवा, हात कितीही सफाईदार असले तरी. मॅनेजमेंटकडूनही लेखी घ्या की गॅस टेस्टरने थांबवलेलं काम दुसरा कोणी चालू करणार नाही. हे मिळालं नाही तर ट्रेनिंगच्या आधी त्याच्यासाठी भांडा.

पास झालेल्यांची यादी पर्मिट ऑफिसमध्ये लावा, नावासमोर तो कुठल्या मॉडेलच्या मीटरवर शिकलाय ते लिहा. रिफ्रेशर वर्षातून एकदा तरी ठेवा, आणि बरेच दिवस टेस्टिंग न केलेल्या माणसाला कामावर पाठवायच्या आधी एक पूर्ण टेस्ट तुमच्यासमोर करायला लावा. मीटरचं मॉडेल बदललं की बटणं, अलार्म सेटिंग आणि एलईएलचा हिशेब, सगळं बदलू शकतं, त्यामुळे नवा मीटर स्टोअरमधून साइटवर जायच्या आधी यादीतल्या प्रत्येकाला तो बंप टेस्टसकट एकदा चालवू द्या.